इशीचं धनुष्य

दोरी चढवलेलं धनुष्य भिंतीला टेकवून उभं ठेवायचं नाही, आडवं निजवायचं. उभं ठेवलं तर ते आपलं काम करतच राहतं, त्याला घाम फुटतो आणि त्याचा जोर जातो. लहान मुलाला ते ओलांडू द्यायचं नाही. ओलांडलं तर त्यातून सुटणारा बाण वाकडा जातो. आपल्याकडे तबल्याला चुकून पाय लागला तर हात आपोआप जोडले जातात, त्याच जातीची ही समजूत. पण ती आपल्या मुलखातली नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या याही जमातीच्या इशी या माणसाने ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या सॅक्स्टन पोप या सर्जनला सांगितली आणि पोपने ती ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ या १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवली.

पारंपरिक धनुर्विद्येच्या आध्यात्मिक अर्थाचा विषय निघाला की आधी आठवतं ते ऑयगेन हेरिगेलचं १९४८ सालचं ‘झेन इन द आर्ट ऑफ आर्चरी’. हेरिगेल तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. जपानात तो पोचला तोच मुळी गूढ अनुभवाच्या ओढीने, आणि धनुष्य हे त्याला त्या अनुभवाचं दार वाटलं. पोप उलट्या वाटेने येतो. त्याला अनुभूती नको होती, त्याला धनुष्य कसं करतात ते शिकायचं होतं. म्हणून त्याच्या पहिल्या तीन प्रकरणांत लाकूड आहे, सरस आहे, पिसं आहेत, दगडाच्या कपच्या आहेत. तरीही हेरिगेलपेक्षा पोपवर माझा विश्वास अधिक बसतो, कारण इथे पावित्र्य कामापासून वेगळं काढून कुणी समजावून सांगत नाही. ते वस्तू हातात धरण्याच्या रीतीत असतं आणि वाचणाऱ्याला ते स्वतःच ओळखावं लागतं.

इशीची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याच्या आवारात उपासमारीने खंगलेला एक माणूस सापडला. सोन्याच्या मागे लागून आलेल्या गोऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात याही लोकांना जनावरांसारखं वेचून मारलं होतं. उरलेले मोजके जीव डियर क्रीकच्या दऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं लपून राहिले. १९०८ साली मोजणीदारांची एक तुकडी त्यांच्या लपणीवर जाऊन थडकली आणि परतताना तिथलं हाताला लागेल ते सामान उचलून घेऊन गेली. त्यानंतर तीन वर्षांनी जो माणसांत आला, तो एकटा उरलेला होता. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि टी. टी. वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात आणलं. स्वतःचं नाव त्याने कुणालाच सांगितलं नाही. क्रोबर त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’.

संग्रहालयाला लागूनच विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथे १९१२ मध्ये पोप शल्यक्रिया शिकवायला आला. आधी तो इशीचा डॉक्टर झाला, मग दोस्त झाला, मग शिष्य. इशी त्याला ‘पोपी’ म्हणे. शहरातला उच्चशिक्षित सर्जन रानातून आलेल्या माणसासमोर बसून लाकूड तासायला शिकतो, ही या पुस्तकाची खरी घटना. पुढच्या प्रकरणांतली सगळी अस्वलं आणि सिंह तिच्यापुढे फिके आहेत.

धनुष्य घडवण्याची हकीकत पोप सर्जनच्या नजरेने लिहितो. विशेषणं फार नाहीत, क्रिया आहेत. लाकूड डोंगरी जुनिपरचं. त्याची लांबी कुठल्या मापपट्टीने ठरत नाही. आडव्या पसरलेल्या हाताच्या टोकापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत जेवढं भरेल तेवढं शिकारीचं धनुष्य. म्हणजे माणूस बदलला की धनुष्य बदललं. मग लाकडाच्या पाठीवर हरणाच्या स्नायूंचे तंतू बसवायचे. हे तंतू आधी तोंडात घालून चावायचे, चावून चावून मऊ करायचे, आणि सामन माशाच्या कातड्याच्या सरसाने एकावर एक चिकटवायचे. दोरीसाठीही स्नायूंचेच तंतू, तेही चावून, मग पिळून. हे सगळं उन्हात वाळवायचं, घासायचं, पुन्हा वाळवायचं. धनुष्याला खोळ पहाडी सिंहाच्या शेपटीच्या कातड्याची आणि बाणांना भाता पाणमांजराच्या कातड्याचा.

हा तपशील वाचताना मी थांबतो तो चावण्यापाशी. हरणावर रोखायचं धनुष्य हरणाच्याच स्नायूंनी ताकदवान होतं आणि ते स्नायू शिकाऱ्याच्या लाळेने मऊ झालेले असतात. मारणारा आणि मरणारा यांचं शरीर त्या हत्यारात आधीच एकत्र आलेलं आहे. पोप हे असं म्हणत नाही. तो फक्त कृती सांगतो आणि पुढे जातो. पण अशा धनुष्याला उभं ठेवलं तर घाम फुटतो हे मग चमत्कारिक वाटत नाही. घाम शरीरालाच फुटतो.

बाणाची टोकं ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या काळ्या काचेची. दगडाचा तुकडा चामड्यात धरायचा आणि शिंगाच्या टोकाने कडेवर दाब देऊन एकेक कपची उडवायची. दाब जरा अधिक झाला की इतका वेळ घडवलेलं पातं दुभंगतं. या कामात काचेची कणी डोळ्यात जाण्याची भीती असते, आणि त्यावर इशीचा उपाय पोपने नोंदवला आहे. डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी खाली ओढायची, डोळा मिटायचा नाही, चोळायचा तर मुळीच नाही. जमिनीकडे तोंड करून वाकायचं आणि उजव्या हाताने स्वतःच्याच टाळूवर एक सणसणीत रट्टा मारायचा, की कणी खाली पडते. हे लिहिणारा शल्यविशारद आहे. डोळ्यातली कणी कशी काढतात हे त्याला वैद्यकशास्त्राने शिकवलेलं. पण तो हा उपाय हसण्यावारी नेत नाही आणि दुरुस्तही करत नाही, पाहिलं तसं लिहितो. शिष्याला लागणारी नम्रता मला या एका नोंदीत दिसते.

आता नेमबाजी. इशी धनुष्य उभं धरत नसे, अंगासमोर तिरकं धरे, आणि बहुधा उकिडवा बसून बाण सोडे. झुडपाआडून नेम धरणाऱ्याची ती बैठक. डाव्या हाताची पकड इतकी सैल की बाण सुटताच धनुष्य मुठीतल्या मुठीत फिरे. जपानी धनुर्विद्येत हे असं फिरणं मोठ्या साधनेचं फळ मानतात. दोरी मात्र तो खेची ती अंगठ्याने. युरोपीय पद्धतीत तीन बोटं दोरीला लावतात. इशीचा अंगठा दोरीवर वाकलेला असे आणि बाकीची बोटं त्याला आधार देत.

अंगठा म्हटलं की मराठी वाचकाला एकलव्य आठवणारच, आणि इथे तो आठवायलाच हवा. आपल्या गोष्टीत रानातला मुलगा नगरातल्या गुरूकडे विद्या मागायला जातो. विद्या मिळत नाही, अंगठा मात्र द्यावा लागतो. पोपच्या पुस्तकात नगरातला माणूस रानातल्या गुरूकडे जातो आणि गुरू अंगठ्याची ती विद्या काहीही न मागता त्याच्यापुढे ठेवतो. ज्या लोकांनी त्याची सगळी माणसं मारली, त्यांच्यातल्याच एकाला. इशीच्या मनात काय होतं हे पोपला विचारता आलं नसेल, विचारलं असतं तरी उत्तर मिळालं नसतं. शेकडो वर्षं चालत आलेलं शिकवायला त्याच्याजवळ स्वतःचं पोर उरलं नव्हतं. मे १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा लहान मुलगा इशीबरोबर डियर क्रीकला गेले. आधी तो जायला नाखूश होता. तिथे काढलेल्या छायाचित्रांत तो धनुष्य घेऊन आपल्या जागी आहे, अगदी सहज.

निशाणावरच्या नेमबाजीत पुढे पोप इशीला मागे टाकू लागला. पण झुडपातला ससा, खार, लावा दिसला की इशीचा नेम वेगळाच असे. तिथे पोप त्याच्या पासंगालाही पुरत नसे. रंगवलेलं गोल निशाण इशीला कधी फारसं जवळचं वाटलं नाही. जिवंत प्राणी समोर नसताना नेम धरायचा कशासाठी, हा प्रश्न त्याच्या त्या सुमार नेमबाजीतच होता असं मला वाटतं. ‘पोपटाचा डोळा तेवढा दिसतो’ ही अर्जुनाची एकाग्रता आपण आदर्श मानतो. इशीची एकाग्रता याच्या नेमकी उलट आहे. त्याला डोळ्याबरोबर झाड दिसतं, वारा दिसतो, पाखरू आता कुठे उडेल तेही दिसतं.

शिकारीचं प्रकरण म्हणजे नेमाधर्माची यादीच आहे, पण तिच्यात कुठेही धर्माचा शब्द नाही. हरणाच्या शिकारीला जायचं तर आदल्या दिवशी मासे खायचे नाहीत, तंबाखू ओढायची नाही. पहाटे उठून ओढ्यात आंघोळ करायची, सुवासिक पानं अंगाला चोळायची, तोंड खळखळून धुवायचं. पाणी प्यायचं, खायचं मात्र काही नाही. पायाला काही गुंडाळायचं नाही, कारण फांदीला घासून आवाज होतो. आपल्या डोळ्यांना हा सरळ व्रताचा विधी दिसेल: उपवास, स्नान, गंध, मौन. आणि प्रत्येक नियमाला व्यवहारी कारणही आहे. हरणाला वास येतो, हरणाला आवाज कळतो. इशीच्या मनात व्रत आणि व्यवहार अशा दोन खोल्या होत्या असं पोपच्या लिहिण्यावरून वाटत नाही, आणि पोपनेही त्या पाडल्या नाहीत. बंदूकवाल्याला यातलं काहीच करावं लागत नाही. बाणाचा पल्लाच असा की हरणाच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर आधी स्वतःचा वास पुसावा लागतो.

याच प्रकरणात सशाला बोलावण्याची हकीकत आहे. दोन बोटं ओठांवर ठेवून चुंबल्यासारखा आवाज काढायचा. संकटात सापडलेल्या सशाच्या पिलाचा तो आवाज. तो ऐकून ससे येतात, रानमांजरही येतं. इशीने पोपला कारण सांगितलं: आई येते पिलाला वाचवायला, मांजर येतं खायला. किती भयंकर गोष्ट आहे ही. माया आणि भूक एकाच हाकेला ओ देतात, आणि हाक देणारा झुडपाआड बाण लावून बसलेला. शिकारीच्या पावित्र्याबद्दल भाबडं बोलणाऱ्यांनी हा उतारा वाचावा. इशी निरागस नव्हता. तो कुणाला फसवतो आहे आणि कशाने, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नेम, उपवास, आंघोळ हे सगळं त्या ठाऊक असण्याच्या शेजारी ठेवूनच वाचलं पाहिजे.

आता माझ्या मते पुस्तकातली सर्वांत मोलाची जागा. दोरी चढवलेल्या धनुष्याचं एक टोक इशी तोंडाच्या कोपऱ्याशी धरे आणि बाणाने दोरीवर हलके ठोके देई. त्यातून स्वच्छ सूर निघत. त्या सुरांवर तो एक गाणं गाई. गाण्याची गोष्ट पोपने सांगितली आहे. एक महान योद्धा होता. त्याचं धनुष्य इतकं जबरदस्त की त्याने बाण आधी आगीत बुडवला, मग समुद्रात, आणि सूर्यावर सोडला. बाण सूर्याच्या गोल उघड्या दारातून आत शिरला आणि सूर्याचा उजेड विझला. पृथ्वीवर अंधार पडला, माणसं थंडीने कुडकुडू लागली. गोठून मरू नये म्हणून त्यांना पिसं फुटली, आणि आपले भाऊ, म्हणजे पक्षी, जन्माला आले.

पोप ही गोष्ट तीन-चार वाक्यांत सांगून सोडून देतो. ती सोडून देण्यासारखी नाही. धनुर्विद्येची बहुतेक पुराणं नेम लागल्याच्या आनंदावर संपतात: मत्स्यवेध झाला, वरमाला पडली. इथे नेम अचूक लागला हीच आपत्ती आहे. योद्ध्याचा बाण चुकला असता तर बरं झालं असतं. सामर्थ्याला मर्यादा राहिली नाही की जग विझतं, एवढंच सांगून ही गोष्ट थांबली असती तरी मोठी ठरली असती. पण ती पुढे जाते. अंधारात माणसांना शिक्षा होत नाही, त्यांना पिसं फुटतात. त्यांच्यातले काही पक्षी होतात, आणि ते भाऊच राहतात.

आता बाणाकडे पुन्हा पाहा. इशीच्या बाणाच्या शेपटीला पिसं आहेत, स्नायूच्या तंतूने बांधलेली. पिसांवाचून बाण सरळ जात नाही. म्हणजे एका बाणाच्या अपराधातून जे भाऊ जन्मले, त्यांच्याच पिसांवर आज दुसरा बाण चालतो. दर वेळी दोरी खेचताना ती पिसं शिकाऱ्याच्या हाताजवळ असतात. हे नातं पोपने जोडलेलं नाही, इशीने त्याला सांगितलं असेल असंही मी म्हणत नाही. पण गाणं आणि बाण एकाच पुस्तकात, थोड्या पानांच्या अंतराने आहेत, आणि रसिकाने ते शेजारी ठेवून वाचावेत. आणि हे गाणं वाजतं ते धनुष्यावरच. ज्या दोरीने सूर्य विझवला, तीच दोरी त्याबद्दलचा शोक गाते.

पुस्तकाची पुढची प्रकरणं मी कर्तव्य म्हणून वाचली. य्यूचं इंग्रजी धनुष्य कसं करावं, बाण कसे करावेत, हे सगळं स्वच्छ आणि उपयोगी आहे. अमेरिकेत लाकडी धनुष्याने शिकार करणाऱ्यांची जी पिढी पुढे उभी राहिली, तिने ही प्रकरणं पाठ केली. पण त्यानंतर हरणं, अस्वलं, झाडावर कुत्र्यांनी कोंडलेले पहाडी सिंह यांची रांग लागते. १९२० साली पोप आणि त्याचा जोडीदार आर्थर यंग यांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संग्रहासाठी म्हणून, ग्रिझली अस्वलं मारली. शौर्याबद्दल शंका नाही. पण इशीच्या त्या उपवासाचं, त्या आंघोळीचं काय झालं? शिकारीचं मोल तिच्यामागच्या कष्टावर आणि न्याय्यपणावर ठरतं असं पोप स्वतः मानतो, आणि झाडावर अडकलेल्या सिंहावर बाण सोडतो. गुरूकडून त्याने हात उचलला, तो आवरायचा केव्हा हे उचललं नाही. इशी हरीण मारी ते खाण्यासाठी, त्याच्या स्नायूंची दोरी करण्यासाठी. संग्रहालयात पेंढा भरून उभ्या केलेल्या अस्वलाशी मारणाऱ्याचं नातं काय असेल?

इशी २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने गेला. त्याच्या चितेत धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, शंखशिंपल्यांचे नाणेवजा मणी, तंबाखू आणि ऑब्सिडियनच्या कपच्या ठेवल्या. पोपने हे सांगितलेलं आहे आणि ते वाचताना त्याचं दुःख खरं आहे हे कळतं. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. इशीच्या देहाची चिरफाड होऊ नये असं क्रोबरने त्याच्या मरणाआधी न्यूयॉर्कहून कळवलं होतं. पत्र वेळेत पोचलं नाही. शवविच्छेदन झालं, मेंदू काढून ठेवला गेला, आणि पुढे खुद्द क्रोबरनेच तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. २००० साली तो इशीच्या नात्यातल्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या आदिवासींच्या ताब्यात आला आणि त्यांनी तो अस्थींसह जाहीर न केलेल्या जागी पुरला. द्रोणाचार्यांनी अंगठा मागून घेतला होता. इथे कुणी मागितलंही नाही.

पोप १९२६ साली वारला. १९६१ साली त्याच्या आणि यंगच्या नावाने अमेरिकेत ‘पोप अँड यंग क्लब’ स्थापन झाला. धनुष्याने केलेल्या मोठ्या शिकारींची नोंद ही संस्था ठेवते, शिंगं आणि कवट्या मोजून. तिचा सर्वोच्च पुरस्कार इशीच्या नावाने दिला जातो; तो नसता तर बरं झालं असतं. भारतात वन्यजीवांच्या शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती हवीच. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपदं मिळवली ती कप्पी लावलेल्या आधुनिक धनुष्याने, ठरलेल्या अंतरावरच्या निशाणावर; ती वेगळी आणि सुंदर विद्या आहे. इशीचं धनुष्य आपल्या हातात कधी येणार नाही. पण हत्यार कसं धरावं, कुणाच्या शरीरातून ते आलं आहे, आणि नेम लागल्यावर जगात काय विझतं, याचा विचार धनुष्य न धरणाऱ्यालाही करता येतो.

पुस्तक जुनं आहे, स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतं. पहिली तीन प्रकरणं सावकाश वाचा, सूर्याच्या गोष्टीचा उतारा पुन्हा वाचा, आणि मग पुस्तक मिटवून थिओडोरा क्रोबरचं ‘इशी इन टू वर्ल्ड्स’ (१९६१) आणि ऑरिन स्टार्नचं ‘इशीज ब्रेन’ (२००४) ही दोन पुस्तकं घ्या. पोपची ग्रिझली अस्वलं राहिली तरी चालतील.